फुलपाखराच्या कोषातली गांधीलमाशी

शेजारच्या सुलभाताईंनी त्यांच्या लिंबावरची अळी मला बरणीत आणून दिली होती. "फुलपाखरू निघालं की हाक मारा हं!" असं बजावूनही गेल्या होत्या. अळीचा कोष झाला. आज सकाळी पाहिलं, तर कोषाला भोक पडलेलं आणि झाकणाला तांबूस, लांब मिशांची एक गांधीलमाशी चिकटलेली. हिच्या आईनं अळीच्या अंगात अंडं घातलं असणार, आणि ही तिला आतून खातच वाढली असणार.

पंखांच्या शिरा भिंगाखाली पाहून जात ओळखली, चिठ्ठीवर नाव लिहिलं. कीटकांची नोंद ठेवणाऱ्या आम्हा लोकांची एक रीत आहे. माशी टाचणीला लावायची, आणि तिनं पोखरलेला रिकामा कोषही त्याच टाचणीला, तिच्या खाली. जिनं खाल्लं ती आणि ज्याला खाल्लं तो, दोघं कायमची जवळ. माझ्या कपाटात कुणीच एकटं नाही. चहाला मात्र एकच कप निघतो.

तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून आवाज आला, "झालं का हो फुलपाखरू?"

"नाही झालं," मी म्हणालो. आणि उगाचच घाईघाईनं विचारलं, "लिंबावर आणखी एखादी अळी आहे का हो?"