मोनिकामावशींचा बल्ब

मोनिकामावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी पिशवी मांडीवर घ्यायच्या, मग तिच्यातून टॉवेलात गुंडाळलेला एक बल्ब काढायच्या. चांगला नारळाएवढा. "हा कसला, सांगता का?" एवढंच विचारायच्या.

नव्वदच्या दशकात आम्ही पापडीला नवीन राहायला आलो, तेव्हा त्या माझ्याकडेही आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. बल्बाची पितळी टोपी चांगली जाड होती. आत तारेची बारीक वेटोळी एकाशेजारी एक दाटीनं उभी होती.

"दीपगृहातला असेल," मी नुसत्या आकारावरून ठोकून दिलं.

त्या हसल्या. "किराणावाला पण तेच म्हणाला. नायगावचा एक माणूस म्हणतो, सिनेमाच्या शूटिंगचा. सातिवलीला कारखान्यात दाखवला, ते म्हणाले, रस्त्यावरचा."

कुणाचंच उत्तर त्यांना पटलेलं नव्हतं, पण घाईही दिसत नव्हती. चहा घेता घेता म्हणाल्या, "बाई, नुसतं जाऊन बसलं तर लोक घड्याळ बघतात. काही विचारलं की बसवून घेतात."

बल्ब त्यांच्या नवऱ्यानं आणलेला. पास्कल मालवाहू जहाजावर खलाशी होता, वर्षातून थोडेच दिवस घरी असायचा. शेवटच्या सुट्टीत हा बल्ब त्यानं कपाटावर ठेवला. कसला म्हणून विचारलं तर म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतो." ती खेप आलीच नाही. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात तो आजारी पडून गेला, तिथेच त्याला पुरलं. मूलबाळ नव्हतं. "माझ्याशी तो जमिनीवरचंच बोलायचा," मावशी सांगायच्या. "केळी, विहीर, घराची कौलं. पाण्यावरचं काही नाही."

पुढे आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे सासरे, देवळेकरकाका, जहाजावर इलेक्ट्रिशियन होते असं कळलं. मी मावशींना घेऊन विरारला त्यांच्या घरी गेले. देवळेकरकाकांनी बल्ब खिडकीशी धरून सावकाश फिरवला.

"हा सुएझ कालव्यातला दिवा," ते म्हणाले. "तिथून रात्री जाताना जहाजाच्या नाकावर मोठा झोत लावावा लागतो, दोन्ही काठ दिसावेत म्हणून. उजेड एका जागी गोळा व्हायला हवा, म्हणून तार अशी दाटीनं बसवलेली. काच बघा, आतून काळवंडलीय, म्हणजे पुष्कळ जळलाय. आणि इथं तार तुटलीय. बदलला असेल तेव्हा तुमच्या यजमानांनी ठेवून घेतला असणार."

मावशींनी विचारलं, "काठावर माणसं दिसतात?"

"कधी कधी. हात करतात."

"मग जहाजावरचे?"

"आम्हीही करायचो."

"ते त्यांना दिसतं?"

"नाही. त्यांच्या डोळ्यांवर झोत असतो. आपण मागे अंधारात."

मावशींनी मान हलवली आणि बल्ब टॉवेलात गुंडाळला. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "म्हणजे कुणाला दिसत नसताना पण तो हात करत असेल."

त्यानंतर त्या कुणाकडे जायच्या बंद झाल्या. मला वाटलं होतं, उत्तर मिळाल्यावर त्यांना बरं वाटेल. एका रविवारी मीच त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर एकट्याच शेंगा सोलत बसल्या होत्या.

"येत नाही हल्ली?" मी विचारलं.

"काय विचारायला येऊ, बाई?"

मी म्हटलं, नुसत्याच या. त्या "येईन" म्हणाल्या, पण आल्या नाहीत. मग मीच रविवारी जाऊ लागले. पहिल्यांदा आम्ही दोघी नुसत्या शेंगा सोलायचो. हळूहळू त्या स्वतःबद्दल बोलू लागल्या. लहानपणी त्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गायच्या. लग्नानंतर पास्कल नसताना गाणं बरं दिसत नाही म्हणून सोडलं. हे मी कुणाला सांगू नये, असंही म्हणाल्या.

काही वर्षांनी त्या झोपेतच गेल्या. मातीला मोजकीच माणसं होती. सगळं उरकल्यावर त्यांचा भाचा माझ्यापाशी आला आणि अदबीनं म्हणाला, "तुम्ही मावशीच्या कोण?"

आमचं घर तीन आळ्या पलीकडे. मी म्हटलं, "शेजारीण."