जाड केबल आणि एकतीस गुण

आमच्या घरात एक केबल होती. टीव्हीची नव्हे, कॉम्प्युटरची. आणि कॉम्प्युटर हल्लीचा नव्हे, माझ्या मामाने मस्कतहून आणलेला. तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटर पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी आमच्याच घरात. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. सोबत एक लोखंडी पेटी, तिच्यात जादा मेमरी आणि फ्लॉपी चालवायची सोय. या दोघांना जोडणारी ती केबल. मनगटाएवढी जाड, काळीकुट्ट, दोन्ही टोकांना विटेएवढे डबे. ती वळायची नाही की वाकायची नाही. बसवायची किंवा काढायची तर दोन माणसं लागत. एकाने पेटी धरायची, दुसऱ्याने भिंतीला पाय लावून जोर करायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

केबल वाकत नाही म्हणून टेबल भिंतीला लागत नसे. छत्तीस वर्षं माझी बायको त्या टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते आहे, आणि केबलचा डबा तिला कमरेत लागतो आहे. "एक दिवस ही घोरपड मी मांडवीच्या समुद्रात सोडून येणार," ती म्हणायची, "आणि मागोमाग तुम्हालाही."

गेली कित्येक वर्षं ते यंत्र बंदच होतं. मांडवीची खारी हवा. डब्यातल्या पिना हिरव्यागार पडल्या. "काय करणार, ही केबल आता जगात कुठे मिळत नाही," असं मी तोंड पाडून सांगत असे. आतून मात्र मी खूश होतो. का, ते सांगायलाच हवं.

माझे वडील पत्रिकेशिवाय पाऊल टाकत नसत. लग्न जुळायला छत्तीसपैकी निदान अठरा गुण हवेतच, हा त्यांचा हट्ट. कॉम्प्युटर आल्यावर मी त्यांच्यासाठी गुण जुळवायचा प्रोग्राम लिहिला. वधूवरांच्या नक्षत्रांचे नंबर टाका, गुण पडद्यावर. मग काय! आळीतली माणसं पत्रिका घेऊन ओट्यावर बसू लागली. वडील प्रत्येकाला सांगत, "यंत्राला कोणाची भीड नसते. ते खोटं बोलणार नाही."

त्याच सुमारास मी ही मुलगी पाहायला गेलो. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, ती शाळेत गणिताची बाई. कॉम्प्युटरविषयी दहा मिनिटं मी फुशारक्या मारल्या. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तुम्ही चूक घातलीत तर तो चूकच सांगणार ना?" मी तिथेच गारद झालो. घरी येऊन नंबर टाकले. गुण आले चौदा! मी पुन्हा टाकले. पुन्हा चौदाच. वडील जेवून येईपर्यंत माझ्याकडे पंधरा मिनिटं होती. मी प्रोग्राममध्ये एक ओळ घुसवली. वडील हात पुसत आले, यंत्राने सांगितलं, एकतीस. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, त्या एकतिसावर माझा संसार उभा आहे! प्रिंटरवर काढलेला तो कागद तिने लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलाय. आळीत कोणाचं लग्न ठरलं की ही सांगणार, आमचे एकतीस जुळले होते, कॉम्प्युटरने काढलेले. आमचं भांडण विकोपाला गेलं की शेवटी तीच म्हणणार, "एकतीस गुण जुळलेत म्हणून निभतंय हो तुमच्याबरोबर." मी हे तिच्याकडून काढून घेणार होतो का? शिवाय शाळेत पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा नववीला प्रोग्राम लिहायला शिकवायचं काम हिच्याकडेच आलं. म्हणजे ती माझी ओळ नुसती पाहणार नव्हती, वाचणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी त्या गंजलेल्या केबलला मनोमन नमस्कार करत असे.

आणि परवा ही मोबाइल नाचवत आली. "मिळत नाही म्हणे! हे बघा. जगभर तुमच्यासारखे रिकामटेकडे आहेत. त्या जाड केबलच्या जागी बोटभर सर्किट आणि पट्टीसारखी चपटी केबल करतात. मी मागवलीसुद्धा."

माझं धाबं दणाणलं. आठवड्याने पुण्याहून सुट्या भागांचं पुडकं आलं. मी म्हटलं, सोल्डरिंगचे डाग द्यायला कथिल चांगलं नाही. तिने बाजारातून कथिल आणलं. मी म्हटलं, हवा दमट आहे. ती म्हणाली, "रत्नागिरीत हवा कोरडी व्हायची वाट बघाल तर मी वर जाईन." बसलो मग डाग देत. चव्वेचाळीस टोकं. ती शेजारी बसून मोजत होती, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशी. शेवटी केबल बसली, आणि बसली म्हणजे काय, दोन बोटांनी! टेबल सरकवलं, भिंतीला टेकलं. ती त्या मोकळ्या जागेतून दोनदा उगाच जाऊन आली.

माझी शेवटची आशा फ्लॉपीवर होती. कोकणात पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, फ्लॉपीला का येऊ नये? "ती काय टिकली असेल," मी म्हटलं. ती आत गेली आणि पापडाचा डबा घेऊन आली. फ्लॉपी पापडांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी ठणठणीत. "आपले गुण आहेत ना त्यात," ती म्हणाली. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी घरघरली. प्रोग्राम आला. तिने ओळी काढायला लावल्या आणि चष्मा सारखा करून वाचू लागली. एका जागी तिचं बोट थांबलं.

"ओळींचे सगळे आकडे दहाच्या पाढ्यातले. तीनशे चाळीस, तीनशे पन्नास. मग हे मध्येच तीनशे पंचेचाळीस कुठून आलं?"

तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेली बाई! ओळ सरळ होती. वराचा नंबर माझा आणि वधूचा वीस असेल, तर गुण एकतीस.

"अगो," मी म्हटलं, "चौदा येत होते. आणि मला तूच हवी होतीस." छत्तीस वर्षांत हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला ही वेळ मिळाली.

मग तिचे खांदे हलू लागले. रडते की काय म्हणून मी पुढे झालो, तर बाई हसत होती. पदराने डोळे पुसून म्हणाली, "वीस म्हणजे पूर्वाषाढा. मी पूर्वाषाढेची नाहीच मुळी. माझं नक्षत्र मूळ. मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट म्हणतात, तुमच्या वडिलांनी उंबऱ्यातूनच परत पाठवली असती. म्हणून बाबांनी माझी जन्मवेळ दीड तास पुढे ढकलली. मला दम दिला होता, कोणी विचारलं तर साडेआठच सांगायचं."

"आणि तू सांगितलंस?"

"मामंजी एक्क्याण्णव वर्षं जगले ना? रोज माझ्या हातची सोलकढी पिऊन. झालं तर मग!"

खोट्या पत्रिकेवर खोटी ओळ! आम्ही पोट धरून हसलो. आणि हसता हसता तिने कीबोर्ड ओढला, माझा नंबर टाकला आणि पुढे वीसऐवजी एकोणीस. माझ्या ओळीत एकोणीसची सोयच नव्हती. आता जे येणार ते खरं येणार होतं.

"नको गो," मी म्हटलं. तोवर तिने बटण दाबलं होतं.

पडद्यावर आकडा आला. आठ.

हसू थांबलं. ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग ती उठली. दोन बोटांनी नवी केबल उपटली आणि पडदा कोरा झाला.

"ही मेली भरवशाची नाही," ती म्हणाली. "आकडे गाळते. जुनीच बरी होती."

मी पलंगाखालून जुनी केबल काढली. टेबल पुढे ओढलं. तिने पेटी घट्ट धरली, मी भिंतीला पाय लावला आणि दोघांनी मिळून ती बसवली. यंत्र अर्थातच सुरू झालं नाही.

काल शेजारीण लेकीची पत्रिका घेऊन आली होती. ही कमरेला हात लावून टेबलाला वळसा घालत बाहेर गेली आणि तिला सांगू लागली, "आमचे एकतीस जुळले होते बरं का. यंत्र काही खोटं बोलत नाही."