दोघी आलो

यमुनाताई गेली त्या दिवशी बुधवार होता. तिचं बाळ आदल्या दिवशी गेलं होतं. दुपारी तिला नेलं. परत येताना काकांनी स्मशानापासून आमच्या दारापर्यंत मोहरी टाकली.

बाळंतपणात गेलेली बाई घरी परत येते, असं आमच्या सालेकशाकडच्या गावांत तेव्हा सगळेच मानत. वाटेवर मोहरी असली की तिला दाणा न् दाणा वेचावा लागतो, आणि वेचून होईतो तिची वेळ टळून जाते. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बाळंतपणाला माहेरी आलेली. ओसरीच्या खांबाला टेकून मी त्या पिवळ्या दाण्यांकडे पाहत होते, आणि ऊन कलताना त्याच वाटेने एक बाई येताना दिसल्या. पांढरं लुगडं, काखेत पत्र्याची पेटी. त्या चार पावलं चालत, वाकत, दाणे उचलून पदरात टाकत.

"काय करून राहिली वो बाई?" आई दारातून ओरडली.

"वेचून राहिलो. दहा दिवस तापात पडून होती म्हणतात पोरगी. आता तिले दाणे वेचायले बसवता? काऊन?"

मग त्या दाराशी आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "दोघी आलो."

त्यांच्या मागे कुणी नव्हतं. आई उंबरठ्यावरच खाली बसली.

त्या सरकारी दवाखान्यातल्या सुईणबाई होत्या. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी त्यांची नेमणूक आमच्या भागात झाली होती. ताईसाठी त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. कुणाकडून तरी ऐकून त्या चार कोस चालत आल्या, तेव्हा उशीर झाला होता. गावाने त्यांचं खरं नाव कधी घेतलं नाही. प्रत्येक घराच्या दारात त्या तेच दोन शब्द म्हणत, म्हणून त्यांना सगळे 'दोघीबाई' म्हणू लागले.

बांधावरून चालताना त्या एका कडेने चालत, उरलेली अर्धी वाट मोकळी सोडत. पोत्यावर बसल्या तर अर्धं पोतं रिकामं ठेवत. आमची मांजर घरात कुठेही पसरायची. त्या अर्ध्या पोत्यावर ती कधी बसली नाही. मी पुष्कळदा पाहिलं आहे, म्हणून लिहिते. त्याचा अर्थ मला लावता आलेला नाही. घरात शिरल्यावर त्या दार लगेच लावू देत नसत. "थांब, येऊ दे," म्हणत. बायका दारापासून मागे सरत. ज्याच्या त्याच्या घरची बाळंतपणात गेलेली बाईच त्यांच्याबरोबर दाराशी येते, असं गावाने ठरवून टाकलं होतं. अशा बाईला दारातून परत पाठवायची कुणाची छाती होणार? आणि गाव काय समजतं ते ठाऊक असूनही त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

बोलायला त्यांनी विडीला लागणाऱ्या तेंदूपानांचा हंगाम निवडला होता. उन्हाळ्यात अंगणात नवरा-बायको समोरासमोर बसून पानांचे पुडे बांधतात. हात गुंतलेले, मान खाली. त्या तिथे जाऊन बसत आणि स्वतःही पानं जुळवू लागत. एकदा मी विचारलं, की तुम्ही याच वेळी का येता? तर म्हणाल्या, "लाज डोळ्यांत राहते बाई. अन् डोळे आता पानांवर आहेत." आणि त्या पानांवर डोळे ठेवूनच सांगत. दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. दवाखान्यात त्याची साधनं मिळतात, नवऱ्याने येऊन मागायची, बायकोला पाठवायचं नाही. बाळंतिणीचं कापड भिजून रक्त जमिनीवर ठिबकू लागलं तर गाडी जुंपा, सासूला विचारत बसू नका.

"बायको नाही म्हणली तर?" एका तरुण शेतकऱ्याने हसत विचारलं होतं.

"नाही म्हणली तर नाही. तिचं आंग काय पटवाऱ्यानं तुया नावावर चढवलं का?"

अंगणातल्या बायका पदर तोंडात धरून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. पण पुडे बांधायचं कुणी थांबवलं नाही, आणि उठूनही कुणी गेलं नाही.

पाळीची कापडं आमच्याकडे छपराच्या आत, अंधारात खोचून ठेवत. उघड्यावर दिसली तर चेटकीण नेते, मग मूल होत नाही. दोघीबाई दवाखान्याच्या कुंपणावर भर उन्हात आपली कापडं वाळत घालायच्या. "न्यायची त्या चेटकिणीनं न्यावी," म्हणायच्या, "धुतलेली आहेत." त्यानंतर काही घरांत वरून जुनं लुगडं पसरून का होईना, कापडं उन्हात येऊ लागली.

आता विळ्याबद्दल लिहायला हवं. बाळंतिणीच्या खाटेखाली लोखंड ठेवायची रीत होती, गेलेल्या बायकांनी जवळ येऊ नये म्हणून. आमच्या घरी धान कापायचा विळाच ठेवत. शेतातून आलेला, माती लागलेला. बाळ झालं की हाताशी असलेल्या त्याच विळ्याने नाळ कापत आणि वर राख दाबत. मग आठव्या दिवशी बाळाचा जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताणायचं, आणि घर म्हणायचं, तिनं नेलं. यमुनाताईच्या बाळाचं असंच झालं होतं.

दोघीबाई कुणालाही विळा काढायला सांगत नसत. म्हणत, "ठेवा ना. पण उकळून ठेवा. उकळल्या लोखंडाले ती जास्त भेते. अन् नाळेले तो लावू नोका, तो राखणीचा आहे. नाळेले माही कात्री." मी शाळेत शिकलेली, पुस्तकं वाचणारी. हे ऐकून मला रागच आला होता. भूत नसतंच, असं सरळ का सांगत नाहीत?

अठराव्या वर्षी माझं लग्न एका शाळामास्तरांशी झालं, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. ताई जिथे गेली तीच खोली होती, तीच खाट होती. मी पहिल्या दिवसापासून आईला एकच सांगत होते, दोघीबाईंना बोलाव. मला मरायचं नव्हतं. आई ऐकेना. "तिच्यामागं यमी येते," ती म्हणायची, "तिले तुई खाट दिसल." शेवटी कळा सुरू झाल्यावर माझ्या नवऱ्यानेच आईला न विचारता गाडी जुंपली आणि बाईंना घेऊन आले.

दुपारची वेळ होती. खाटेवरून मला दार समोरच दिसत होतं. चपला काढल्याचा आवाज आला.

"दोघी आलो."

आई आडवी उभी राहिली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. मुठीत मोहरी होती.

"तू ये बाई. दुसरीले बाहेर ठेव. तुया पाया पडतो, आज बाहेर ठेव."

"मी एकटी कुठी जातच नाही, माय. तुले ठाऊक आहे."

"मंग मी मोहरी टाकतो."

"टाक. मी वेचत बसतो. दोघी मिळून वेचू. तवरिक तुई ही पोरगी थांबल का?"

मला एक कळ आली आणि मी ओरडले. कळ ओसरली तेव्हा आई अजून तशीच उभी होती. ती बाईंकडे पाहत नव्हती. बाईंच्या डाव्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं, तिथे पाहत होती. समोर उभ्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाहावं तितक्या उंचीवर तिची नजर होती, आणि ताई आईच्याच उंचीची होती.

मग आईने मूठ मागे घेतली, मोहरी कनवटीला खोचली आणि दारातून बाजूला झाली.

"ये यमे," ती म्हणाली. "तू कायले बाहेर राहतं? तुयंच घर आहे."

इतक्या वर्षांनीही मी शपथेवर सांगू शकत नाही की त्या वेळी एकच सावली आत आली. बाईंनी पाणी उकळायला ठेवलं, त्यात आधी कात्री टाकली, मग आईच्या समाधानासाठी विळाही. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. दिवस मावळायच्या आत मला मुलगी झाली. आईने तिचं नाव काय ठेवलं ते सांगायला नको. आठवा दिवस उजाडला तेव्हा सकाळपासून आई खाटेशी बसून होती. मुलगी मला चिकटून दूध ओढत राहिली. आई तो आवाज ऐकत राहिली.

सव्वा महिन्याने बाई आल्या. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी शेजारी बसवलं. "मास्तर, तुम्ही पोरायले पाढे शिकवता. एक माह्याकडून शिका. तीन वर्षं." ते खाली मान घालून हो म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं. दवाखान्यात ते स्वतः जात.

ते बाहेर गेल्यावर मी बाईंना विचारलं, "यमुनाताई खरंच तुमच्याबरोबर असते का?"

त्या मुलीचे पाय चोळत होत्या.

"तुई ताई नाही," त्या म्हणाल्या. "माही पोरगी आहे. मी तवा सुईण नव्हतो. तिचं बाळंतपण मीच केलं. आंगणातला विळा मीच आणून देला. लेकरू गेलं, मंग ती गेली. गावानं मोहरी मागतली, तीबी मीच देली." मुलीला दुपट्यात गुंडाळत म्हणाल्या, "मंग वाटलं, मोहरी वेचत ही घरी येईल कशी? म्हणून मीच निघालो तिले घेऊन."

मी आईला हे कधी सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

पुढे त्यांची बदली सडक अर्जुनीकडे झाली. माझी दुसरी मुलगी चालायला लागली त्या वर्षी त्या शेवटच्या आमच्याकडे आल्या. थकल्या होत्या, पेटी नव्हती. दारात चपला काढल्या आणि म्हणाल्या,

"एकटी आलो."

मी सवयीने दार उघडं ठेवलं. त्यांनी मागे वळून ते स्वतः लावलं. मग पोत्यावर ऐन मधोमध बसल्या. चहा घेतला, मुलींचे दंड चाचपून पाहिले. ती कुठे गेली, हे मी विचारलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, "पुढं गेली. वाट पाहत असल." त्या बांधावरून गेल्या तेव्हा वाटेच्या मधून चालत होत्या. महिनाभरात त्या गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

आई आता नाही. आमच्या घरात मोहरी फोडणीला लागते. विळा माझ्याकडे आहे, त्याची धार गेली आहे. कुणाकडे बाळंतीण असली की मी तो घेऊन नर्सबाईंबरोबर जाते, पाणी उकळायला ठेवायला सांगते, आणि आत गेल्यावर दार जरा वेळ उघडं ठेवते.