काचेवर चढलेला कावा

सायलस बुले कावाचं झाड लाकडी दांड्याने काढायचा. पहार लवकर काम करते, पण मूळ तोडते. दांडा कडेने घालायचा, माती सैल करायची आणि मग हाताने उपसत बसायचं. एका झाडाला अर्धी सकाळ जाते. पेंटेकोस्ट बेटावर मुळांपासून गुंगीचं पेय करायला कावा सगळेच लावतात, पण बारीक मुळांच्या टोकांसकट झाड बाहेर काढणारे थोडे. मुलगा जोनस तापाने गेला, त्यानंतरही सायलसच्या हाताची रीत बदलली नाही. उठायचं, भाजलेले अळूचे कंद खायचे, डोंगर चढायचा. लोक विचारपूस करायचे. तो बरं आहे म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. कुठे काही दुखत नव्हतं.

जोनसच्या बागेच्या तोंडाशी नामेलेचं पान रोवलेलं होतं. ते असेपर्यंत मेलेल्याच्या बागेत कोणी पाय ठेवत नाही. वर्षाचं जेवण झालं, पान निघालं. सून तिच्या माहेरच्या गावी परत गेली. सायलस बागेत शिरला तेव्हा झाडं एकमेकांत घुसली होती. खोडावरच्या ठिपक्यांवरून कावाची जात कळते, पण खोडं शेवाळाने झाकली होती आणि त्याने ते पुसून बघितलंही नाही. इथलं एक, तिथलं एक अशी काही झाडं काढली, मुळं धुऊन वाळवली आणि सगळी एकाच पोत्यात भरून बोटीने लुगनव्हिलच्या बाजारात पाठवली.

तिथून निरोप आला. पोत्यात दोन दिवसांचा कावा मिसळला आहे. तो प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशीही धड उभा राहत नाही. माल घेणाऱ्यांचा नियम ठरलेला होता: अशी बाग सगळी उपटायची, नाहीतर त्या घरचं मूळ पुन्हा घ्यायचं नाही.

जोनसच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं. सायलस पुढच्या बोटीत बसला.

माल घेणाऱ्यांच्या तपासणीच्या खोलीत त्याची भाची रोलेन काम करायची. बहिणीची थोरली मुलगी.

"मामा, तू कशाला आलास? निरोप पोचला ना?"

"पोचला. चुकलाय. सगळा बोरोगू आहे, चांगल्या जातीचा. लहानपणापासून लावतोय मी."

"मग तुझ्या बोरोगूने काय केलंय ते येऊन बघ."

तिने एक काच दाखवली. काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता. खाली एका ओळीत दोन थेंब लावायचे, एक ओळखीच्या बोरोगूच्या अर्काचा, एक पोत्यातल्या मुळांचा. मग तळाशी थोडा द्रव असलेल्या बरणीत काच उभी करायची. द्रव थरातून वर चढतो आणि थेंबातलं सगळं बरोबर ओढत नेतो. जे थराला चिकटून राहतं ते खालीच रेंगाळतं, जे चिकटत नाही ते पुढे पळतं. एका थेंबात असलेल्या गोष्टी अशा आपापल्या उंचीवर वेगळ्या होतात. बोरोगूच्या थेंबाच्या रेषेत वरच्या बाजूला पिवळ्याची जेमतेम झाक होती. सायलसच्या थेंबाच्या रेषेत त्याच उंचीवर जाड पिवळा पट्टा होता, दोन दिवसांच्या कावाची खूण.

त्याने पट्ट्याकडे बोट केलं. "कुठल्या झाडाचा हा?"

"तू सगळं एका पातेल्यात शिजवलंस आणि आता विचारतोस कुठला कंद कुठल्या वाफ्यातला. झाडागणिक मूळ आण, वेगळं बांधून. मग सांगते. साहेबांना मी तोवर थांबवते."

सायलस परत गेला. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी माती उकरून बोटाएवढं मूळ कापलं, माती पुन्हा दाबली. बांबूच्या जोडकाड्या केल्या. दोन्हींवर सारख्या खाचा. एक झाडाशी रोवली, एक मुळाला बांधली. काम संपवून पुन्हा बोट पकडली.

"ही काय मोळी आणलीस, मामा?"

"खाचा बघून घे. घोळ करू नकोस."

रोलेनने मुळं कुटली, अर्क काढले, थेंब लावले. मग काचा बरण्यांत उभ्या करून स्टुलावर बसली.

"आता काम कोण करतंय?" सायलसने विचारलं.

"द्रव."

"आणि तू?"

"मी बघते."

"चांगली नोकरी आहे."

वरच्या कुंपणालगतची झाडं सायलसने लावली होती. जोनस अंथरुणाला खिळला तेव्हा कुठून कुठून फांद्या आणून घाईत रोवलेली. दोष तिथला निघावा असं त्याला वाटत होतं. ती सगळी स्वच्छ निघाली. पिवळा पट्टा उमटला तो वाटेकडच्या रांगेत.

त्याला तेव्हा आठवलं. जोनसच्या लग्नात सुनेच्या वडिलांनी कावाच्या फांद्यांची जुडी दिली होती. सोयऱ्यांनी दिलेली फांदी नाकारत नाहीत, टाकतही नाहीत. जोनसने ती वाटेच्या कडेला लावली, येता-जाता त्यांना दिसावी म्हणून. जोनसला जात ओळखता येत होती. सायलसनेच शिकवली होती. ओळखूनही त्याने ती लावली.

"बाकीची बाग राहील, मामा. एवढीच रांग काढायची. पण मुळासकट."

"काढतो."

"वाईट वाटतंय?"

"नाही."

रोलेनने त्याच्याकडे पाहिलं आणि पिवळ्या पट्ट्याची काच कागदात गुंडाळून त्याला दिली.

वाटेकडची झाडं त्याने लाकडी दांड्यानेच काढली. शेजारचा हॅरी कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"जाळायचीच आहेत ना? मग कुऱ्हाड घाल की. कुणाला दाखवतोयस?"

"बुंध्याचा तुकडा राहिला तर पुन्हा फुटतं."

"सोयऱ्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"विचारतील."

"विचारतील तेव्हा काच दाखवेन."

हॅरी स्वतःचा दांडा घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाकडून कामाला लागला. सायलसने एकदा त्याचा हात धरून दांडा तिरका करून दिला. मधल्या झाडापाशी दोघे भेटले तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेच्या कडेला नुसते खड्डे राहिले.

संध्याकाळी गावातल्या पुरुषांच्या बैठकीच्या घरात सायलस करवंटीभर बोरोगू प्यायला. ओठ बधिर झाले, मग जीभ. हॅरीने उद्याचं विचारलं.

"खड्डे भरायचेत," तो म्हणाला.