आबांच्या श्वासाला लावलेलं गेट

मला कॉम्प्रेसरची भीती वाटते. असं म्हटलं की लोक हसतात. जिनं आयुष्याची दहा-बारा वर्षं गाणी मिक्स करण्यात घालवली तिनं कॉम्प्रेसरला भ्यावं म्हणजे आचाऱ्यानं मिठाला भिण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण वाटते, त्याला काय करू?

कॉम्प्रेसर हे गाण्याला लावायचं एक प्लग-इन. प्लग-इन म्हणजे काय, असं आई विचारायची तेव्हा मी तिला मसाल्याच्या डब्यातली वाटी सांगायचे. आमटी शिजली आहे, आता कुठली वाटी उघडायची ते आपल्या हातात. कॉम्प्रेसरची वाटी अशी की गाण्यातला मोठा आवाज तो खाली दाबतो. मग सगळंच थोडं वर उचललं की जे आजवर दबून होतं ते ऐकू यायला लागतं. खुर्चीची कुरकुर, लांबचा कुत्रा, गाणाऱ्याचा श्वास. जे ऐकायचं नसतं तेही तो इमानानं आणून समोर ठेवतो.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. मिरकरवाड्याच्या रस्त्याला बर्फाच्या कारखान्यामागे दोन खोल्यांत मी नोकरीला होते. पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचं डीटीपी, मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेलं रेकॉर्डिंग. मालक आखातात वीस वर्षं काढून परत आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. कंप्युटर त्यांनीच आणला होता आणि मुंबईच्या बाजारातून प्लग-इन्सची एक सीडीही. तीत शंभरावर तरी प्लग-इन्स असतील. पण आमचा कंप्युटर एवढा दुबळा की एका वेळी तीन लावली की गाणं अडखळायचं आणि चौथं लावलं की पडदा गोठायचा. त्यामुळे निवडण्यावाचून पर्याय नव्हता. चाचांची निवड ठरलेली. "इको वाढव गो," ते दारातून ओरडायचे, "लोकांना इको पायजे. इकोशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाय त्यांना." रत्नागिरीत त्या काळी सत्यनारायणाची आरतीसुद्धा विहिरीतून आल्यासारखी ऐकू यायची, त्याला आमचे चाचा बऱ्याच अंशी जबाबदार असावेत.

माझे वडील, म्हणजे आबा, शक्ती-तुऱ्यातले शाहीर. आमच्या जाखडी नाचात दोन पक्ष, एक शक्तीचा आणि एक तुऱ्याचा, म्हणजे शिवाचा. मधे शाहीर आणि ढोलकी बसते, भोवती पायांत चाळ बांधून मुलगे गोल नाचतात, आणि दोन शाहीर गाण्यातून एकमेकांना सवाल घालतात. त्या सामन्याला बारी म्हणतात. बारीत देवादिकांवरून सुरुवात होते आणि संपता संपता समोरच्याच्या टकलापर्यंत, गुडघ्यापर्यंत, सासुरवाडीपर्यंत येते. जे दिसेल त्यावर टोमणा. आबा एकदा पडून लंगडत होते, तर समोरच्या तुरेवाल्या शाहिरानं त्यावर उभ्या उभ्या चार कडवी रचली आणि आबांनीच सगळ्यांत मोठ्यानं दाद दिली.

म्हणून आमच्या मंडळात एक गोष्ट तोंडातून काढायची नाही असा नियम होता. शाहिराचा गळा बसलाय, हे. ते बाहेर गेलं की समोरच्याला दारूगोळा मिळाला. त्या वर्षी शिमग्यापासून आबांचा आवाज घोगरा होता. आई गुपचूप आल्याचा रस आणि ज्येष्ठमध द्यायची आणि दार लोटून घ्यायची, जणू काही घरात चोरीचा माल आहे. झीलकरी, म्हणजे मागून ओळ उचलणारे, आबांची वरची पट्टी आपणच ओढून न्यायचे. कोणी काही विचारायचं नाही. मलाही ते शहाणपणाचंच वाटत होतं.

आबांच्या गाण्यांची कॅसेट मे महिन्यात रेकॉर्ड केली. झीलकरी आणि नाचणारे बहुतेक मुंबईला नोकरीला, ते मे महिन्यात आणि गणपतीतच गावी येणार. आबांना चाळ वाजल्याशिवाय गाता येत नसे. "पाठीमागं पाय फिरत नसतील तर ओळ कुठून यायची?" म्हणाले. गादीवाल्या खोलीत सोळा माणसं गोल नाचवणं शक्य नव्हतं. तेव्हा कंप्युटरच गोधडीत गुंडाळून रिक्षानं वाडीच्या शाळेत नेला. एक माइक आबांपुढे, एक बाकी सगळ्यांना. पंखे बंद. घामानं ढोलकीवाल्याच्या हातावरची शाई ओघळली; पुढची ओळ त्यानं तळहातावर लिहून ठेवली होती.

त्याच आठवड्यात एक बारी झाली. समोर तेच तुरेवाले शाहीर. भर गाण्यात आबांचा आवाज मधोमध फाटला. नुसता चिरकला नाही, दोन आवाज एकदम निघाले आणि मग एकही नाही. आम्ही सगळे समोर बघायला लागलो. आता तुरेवाला उठणार आणि आपली धुळधाण करणार. तो उठला, आबांकडे बघितलं, गणाची दोन कडवी गायली आणि खाली बसला. टोमणा नाही. आमच्या मंडळींनी परतताना टेम्पोत जल्लोष केला, तुऱ्याला गप बसवला म्हणून. मीही त्यात होते.

जूनमध्ये सगळे मुंबईला परत गेले आणि मी मिक्सिंगला बसले. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की बर्फाचा कारखानाही थंड असतो. एरवी दिवसभर बर्फ फोडायच्या मशीनची घरघर, ती गेल्यावर खोली इतकी शांत झाली की मला माझं घड्याळ ऐकू येत होतं. आबांचा आवाज मागे पडत होता, म्हणून मी त्यांच्या ट्रॅकला कॉम्प्रेसर लावला आणि वर उचलला.

दोन ओळींच्या मधे एक बारीक सूं ऐकू आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. आधी मला पंखा वाटला, पण पंखे बंद होते. मग वाटलं वायर सैल असेल. दुसऱ्या माइकवर शोधली, तिथे नव्हती. मग लक्षात आलं की ती फक्त श्वास आत घेताना येते. आबांच्या श्वासाला. प्रत्येक श्वासाला.

 मी काय केलं सांगते. गेट लावलं. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार लावून घेणारं प्लग-इन. ओळ संपली, दार बंद, सूं गायब. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागवला. मग चहा पिताना ऐकलं तर दोन ओळींच्या मधे आबांच्या माइकवर आलेला चाळांचा आवाजही कापला जात होता, नाचणारे हवेत थांबून पुन्हा जमिनीवर उतरल्यासारखे. मग गेट काढून खरखर घालवणारं प्लग-इन लावलं. सूं थोडी गेली, पण आबांचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. दुसरं लावलं. तिसरं लावलं. पडदा गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा सीडी उघडली. आठवडाभर हेच. वरवर मी प्लग-इन निवडत होते, पण मला हवं होतं ते असं काहीतरी की जे लावलं की हे खरं नसेल.

आणि कान एकदा उघडला की मिटत नाही. घरी जेवताना आबांनी भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेतला. ते कधीपासून असं करत होते कोणास ठाऊक. घोटांच्या मधे ती सूं आली, आता कॉम्प्रेसरशिवाय.

"आबा, डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"काय झालाय मला? गला बसलाय. मोसम हाय." त्यांनी हात झटकला. "सिव्हिलला गेलो तर गणपतीच्या आधी अख्ख्या तुऱ्याला कळंल. तितं त्यांच्या वाडीची दोन मान्सं कामाला हायत. गणपती होऊ दे, मग बगू."

आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा आलं किसायला घेतलं. मला आईचाही राग आला आणि त्या नियमाचाही. पण रागानं भीती जात नाही. अंगणात कोणी खाकरलं तरी मी दचकायचे.

त्याच सुमारास तुरेवाले शाहीर त्यांच्या कॅसेटची तारीख ठरवायला चाचांकडे आले. समोरच्या पक्षाला आपलं न छापलेलं गाणं ऐकवणं म्हणजे घरभेदीपणा. मंडळातल्या कोणाला कळलं असतं तर मला वाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, हेडफोन दिला आणि आबांच्या ट्रॅकवरचं सगळं काढून फक्त कॉम्प्रेसर ठेवला. 

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"मला म्हायती हाय, बाय. बारीला आयकलंय मी. म्हनून तर गप बसलो."

"मग काका, सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं आसतं तर कोन मानलं आसतं? म्हनाले आसते, तुरा घाबरला, शक्तीला घरी बसवायला बगतो." त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. "आमच्या गुरूंचा गला आसाच गेला. आमी पन लपवीत होतो."

मी त्यांना म्हटलं, एखादं कडवं रचा, चारचौघांत टोमणा मारा, आबा तुमचंच ऐकतील. ते म्हणाले, हे कडवं होनार नाय माझ्याच्यानं.

हंगामात एका पक्षाच्या शाहिरानं दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या अंगणात उभे होते. छत्री मिटलेली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आबा पडवीतून उठलेच, भांडायला आलाय असं समजून.

"शाहीर," ते म्हणाले, "गला दाखवून येत नाय तोवर मी तुमच्यासमोर उभा ऱ्हानार नाय. गणपतीत नाय, पुडच्या शिमग्यात नाय. तुमची बारी तुमीच गा."

आबा लाल झाले. इतकी वर्षं समोर उभा राहिलेला माणूस आता समोर उभा राहणार नाही, हा त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा अपमान. "ठणठणीत हाय मी! उद्याच दाखवतो तुला!" ते ओरडले, म्हणजे ओरडायला गेले, आणि आवाज फाटला. तुरेवाल्यांनी मान खाली घातली. मग आईनं त्यांना आत बोलावून चहा दिला आणि तो त्यांनी घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आबा दुसऱ्या दिवशी सिव्हिलला गेले ते केवळ तुऱ्याला खोटं पाडायला. खोटं पाडता आलं नाही. घशात गाठ होती. मुंबईला जावं लागणार होतं, आणि गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आवाज जाईल, माणूस राहील.  आबा एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि घर येईपर्यंत गुणगुणत राहिले. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला एवढी भीती वाटत होती की रडूही येत नव्हतं.

मुंबईला जायच्या आधी कॅसेट ऐकायची म्हणाले. चाचांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि पहिल्यांदाच इकोचं नाव काढलं नाही. मी मिक्स लावला. त्यात गेट पुन्हा लावलेलं होतं. लोकांना ती सूं ऐकू येऊ नये, एवढंच मनात होतं. आबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि हात वर केला.

"दोन ओलींच्या मदी मी कुटं जातो गो? मेल्यासारका वाटतो."

 मी गेट काढून टाकलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ओळ संपली, चाळ वाजत राहिले आणि त्यांच्यात ती सूं आली. आबा पुढे वाकून ऐकत राहिले. दुसरी ओळ, पुन्हा सूं. गाणं संपेपर्यंत त्यांनी तिला आपला हात ढोलकीवर असावा तसा मांडीवर ठेका दिला.

"हां," म्हणाले, "ह्यो मी. ऱ्हाऊ दे."

कॅसेट तशीच निघाली. गणपतीत तुरेवाले आमच्या वाडीत आले, आमच्या मंडळानं मधे टेपरेकॉर्डर ठेवला, मुलगे चाळ बांधून भोवती फिरले आणि तुरेवाल्यांनी टेपला सवाल घातले. टकलावरूनही घातले. आबा गळ्याला पांढरा रुमाल बांधून ओटीवर बसले होते. हसताना त्यांचा आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

आता ते मानेच्या भोकातून श्वास घेतात आणि त्याची सूं घरभर ऐकू येते. दुपारी ते पडवीत झोपले की मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं खाली ठेवते आणि कान देते. कधी एखादा श्वास लांबतो, मधे काहीच ऐकू येत नाही, तेव्हा मी दारापर्यंत जाते. मग ती येते, आणि मी परत येऊन भात उतरवते.