फोन कुणीच केला नाही

आमच्या भागातल्या माणसांच्या चांगुलपणाचं कुणी कौतुक करायला लागलं की मी उठून आत जाते. मला त्या चांगुलपणाचा राग आहे. माझ्या वडिलांचं नाव त्यानंच घालवलं. सुरुवात चोरानं केली, हे खरं. पण चोराला निदान शिव्या तरी देता येतात.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. जवळजवळ सगळी नोकरी तिथंच गेली. तांड्यावरची पोरं शिकून पुण्याला गेली, हैदराबादला गेली, कुणी परदेशात गेलं. निवृत्तीनंतर त्यांतल्याच एकानं अण्णांना मेल काढून दिला आणि म्हाताऱ्याला नवा छंद लागला. मेल आला की त्याच दिवशी उत्तर जाणार. ‘चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद’ अशी सुरुवात, मग इकडचं पाऊसपाणी, हळदीचा भाव, कुणाच्या घरी पाळणा हलला, आणि शेवटी ‘प्रकृतीस जपणे’. पहिले काही महिने तर ते जाहिरातींनाही उत्तरं द्यायचे. दारात आलेल्याला पाणी न विचारता कसं पाठवायचं, म्हणायचे. मला तेव्हा याचं हसू यायचं.

मी हिंगोलीला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, दिवसभर कॉम्प्युटरपुढं असते. अण्णांना मी नीट बजावून ठेवलं होतं. बँकेच्या नावानं काही आलं तर हात लावायचा नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. त्यांनी ते शाळेच्या शिस्तीनं पाळलं. बँकेचं नाव दिसलं की न वाचता पुसून टाकायचे. पण तो मेल बँकेच्या नावाचा नव्हताच.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून जिवंत आहोत, एवढं दरवर्षी कळवायचं. अण्णांनी तो दिलेलाही होता. तरी मेल आला, की तुमचा दाखला पोहोचलेला नाही, पेन्शन थांबवण्यात येत आहे, खालच्या निळ्या अक्षरांवर दाबून आपला मेल आणि पासवर्ड टाका. वर सरकारी वाटावं असं चिन्ह. पाठवणाऱ्याच्या नावावर नुसतं बोट ठेवलं असतं तरी खालचा भलताच, आकड्या-आकड्यांचा पत्ता दिसला असता. अण्णांनी बोट ठेवलं ते निळ्या अक्षरांवर. पासवर्ड टाकला, पान कोरं झालं. नेट गेलं असेल म्हणून फोन बाजूला ठेवून ते तुरीच्या शेंगा सोलायला बसले.

चोराला घाई नव्हती. त्यानं आधी अण्णांची सगळी जुनी पत्रं वाचली असणार. मग एकेका विद्यार्थ्याला वेगवेगळा मेल गेला, अण्णांच्याच पत्त्यावरून, अण्णांच्याच भाषेत. ‘चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद. लिहिण्यास संकोच वाटतो. पोटाचे ऑपरेशन अचानक करावे लागत आहे. घरच्यांस कळू द्यायचे नाही. जमेल तेवढे खालील खात्यावर पाठवावे. फोन करू नये, भोवती माणसे असतात. प्रकृतीस जपणे.’ मध्ये हळदीच्या भावाचीही एक ओळ होती. मी पुढं तो वाचला. मी, त्यांची मुलगी, मलाही तो खराच वाटला असता.

आणि आलेली उत्तरं अण्णांना दिसू नयेत म्हणून ती परस्पर दुसरीकडे वळवायची सोयही त्यानं करून ठेवली होती. त्यामुळं अण्णा आठवडाभर म्हणत राहिले, पोरं हल्ली लिहीत नाहीत, कामात असतील.

कळलं ते असं. रविवारी मी घरी आले होते, आणि ज्यानं अण्णांना मेल काढून दिला होता तोच विद्यार्थी पुण्याहून थेट दारात हजर झाला. हातात सफरचंदांची पिशवी. अण्णा ओट्यावर बसून घोटाघोटानं चहा पीत होते.

“आता कसं वाटून राहिलं, गुरुजी?” त्यानं हळूच विचारलं.

“मला काय धाड भरली?” अण्णा म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सफरचंदांची पिशवी ओट्यावर ठेवली. निघताना मी फाटकापर्यंत गेले तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. “ताई, तुमाला काहीच माहीत न्हाई का?” आणि फोन काढून तो मेल दाखवला. पैसे त्यानं त्याच दिवशी पाठवले होते. बाकीच्यांनीही पाठवले होते.

“अरे, मग फोन काहून केला नाहीस?” मी ओरडलेच.

“गुरुजींला फोनवर कसं इचारू, ताई? हे पैसे खरंच तुमीच मागून राहिले का, असं? जन्मात कदी कुणापुढं हात न पसरलेला माणूस. लाजून मेले असते ते.”

मी त्याला सगळं समजावलं. निळी अक्षरं, पासवर्ड, वळवलेली उत्तरं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “व्हय ताई. असंबी असंल.”

ते ‘असंबी असंल’ मी अजून विसरले नाही. त्याच्या तोंडावर समजूतदारपणा होता. गुरुजींची लेक बापाची अब्रू झाकून राहिली, एवढंच त्याला समजलं होतं.

पुढचं सगळं मी रीतसर केलं. पासवर्ड बदलला. उत्तरं वळवायची ती सोय शोधून काढली आणि बंद केली. चोरानं तिथं आपला फोन नंबर घालून ठेवला होता, तो काढला. दुसऱ्या कुठल्या फोनवर मेल उघडा असेल तर बंद केला, आणि नुसत्या पासवर्डावर पुन्हा उघडणार नाही असं दुहेरी कुलूप लावलं. सरकारच्या सायबर नंबरवर कळवलं, ठाण्यात अर्ज दिला. मग अण्णांच्याच नावानं, त्यांच्याच पत्त्यावरून सगळ्यांना लिहिलं, की ते मेल माझे नव्हते, माझी प्रकृती ठणठणीत आहे.

उत्तरं आली. “समजलं गुरुजी. आमी कुणापाशी बोलणार न्हाई.” “गुरुजी, त्या पैशाचा इचार करू नका.” अण्णा एकेक वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. कुणी आरोप करत असेल तर माणूस भांडेल. इथं जो तो माफ करून मोकळा होत होता. न केलेल्या गोष्टीची माफी कशी नाकारायची, हे मला कुठल्याच ऑफिसात कुणी शिकवलं नव्हतं.

ठाण्यातल्या माणसानं बराबर सांगितलं होतं, ज्यांचे पैसे गेले त्यांची तक्रार पाहिजे, तर ते कुठं गेले त्याचा माग लागेल. मी एकेकाला फोन केले, अक्षरशः हातापाया पडले. एकही तयार झाला नाही. “गुरुजींचं नाव असलेल्या कागदावर सही करू? हात झडतील माझे, ताई.” त्यांनी तक्रार केली असती तर अण्णा सुटले असते. हे त्यांना फोनवर किती तऱ्हांनी सांगितलं! ते आदरानं ऐकून घ्यायचे आणि आदरानं फोन ठेवायचे.

मग अण्णांनी पेन्शनमधून एकेकाचे पैसे फेडायला सुरुवात केली. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“पोरांनी माझ्या शब्दावर दिले,” ते म्हणाले.

“शब्द तुमचा नव्हता!”

“त्यांना माझाच वाटला ना.”

“अण्णा, परत दिले म्हणजे घेतले होते, असंच ठरेल.”

“मग न देता बसू? ते कसं दिसंल?” बस्स, विषय संपला. मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही.

यंदा शाळेच्या आवारात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. अण्णा कधी नव्हे इतके खुलले. मला म्हणाले, “सगळे एका जागी भेटतील. माईकवरून एकदाच सांगून टाकतो. तोंडावर सांगितलं म्हणजे पटंल.” मलाही तसंच वाटलं. त्या एका दिवसावर आमची सगळी भिस्त होती. आदल्या रात्री ते आरशापुढं उभं राहून बोलण्याची तालीम करत होते.

पण माईक आधी त्या पुण्याच्या विद्यार्थ्याकडं गेला. त्याची आई पहिल्याच रांगेत बसली होती. तो म्हणाला, “गुरुजींवर वाईट टाईम आला तवा त्यांनी परक्याला न्हाई, आपल्या लेकरांलाच हाक मारली. अन् पेन्शनीत पोट मारून पै न् पै वापस केली. असा माणूस दाखवा मला!” आई पदरानं डोळे पुसत होती. टाळ्या थांबेनात.

अण्णा उठले. अनोळखी निळ्या अक्षरांवर दाबू नका, म्हणाले. पासवर्ड कुणाला देऊ नका. माझ्या नावानं काही आलं तर सरळ मला फोन करा, मला त्यात कमीपणा नाही. सगळं अगदी तालमीसारखं बोलले. मी एका वाक्याची वाट बघत होते, की ते पैसे मी मागितलेच नव्हते. ते काही आलं नाही. त्यांची नजर पहिल्या रांगेकडं गेली आणि ते खाली बसले. आईच्या देखत त्या पोराला खोटं पाडणं त्यांच्यानं झालं नाही. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

शाल-नारळ झाल्यावर तो पाया पडायला वाकला. मी अण्णांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

“गुरुजी, पुन्हा लागलं तर लाजू नका,” तो त्यांच्या कानाशी म्हणाला. “फोनची गरज न्हाई. नुसता मेल टाका.”

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.