तुंगाचं पोट

गाय सांभाळायला फारशी अक्कल लागत नाही, असं माझं मत होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

गाय अक्काची. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण. सगळी हयात बेंगळुरात गेल्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कानडी असे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून मी साताऱ्याहून इकडे आलो, तेव्हा चामराजपेटेतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या तिनेच आम्हा नवराबायकोला दिल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी धारवाडला जाताना तिने परसातली गाय आणि तिचं नुकतंच झालेलं वासरू, तुंगा, आमच्या हवाली केलं.

"वसंता, गाय आपलं आपण बघून घेईल. तुंगाला जप. पहिलटकरणीचं वासरू आहे. ते गेलं तर गाय पान्हा सोडणार नाही, आणि मी तुला सोडणार नाही."

तुंगाला बांधण्याचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी मी मारलेली गाठ (कागदावर काढून दाखवली असती तर कोणीही वाखाणली असती) केव्हातरी सुटली. सकाळी माझी बायको कमल चरवी घेऊन गेली, तर गायीची कास रिकामी आणि तुंगाचं पोट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं. दुपारपर्यंत तिला पाण्यासारखी हगवण लागली. संध्याकाळी ती मान टाकून बसली आणि डोळे खोल गेले.

शेजारच्या बाईंनी डाळिंबाची साल उगाळून द्यायला सांगितली. समोरच्यांनी दृष्ट काढायला. कमलने सरळ जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला आणि ते येईपर्यंत काही करू नका, असं मला बजावलं. पण मला बसवेना. डोळ्यांपुढे धारवाडची गाडी आणि तिच्यातून उतरणारी अक्का दिसत होती. वासराची शक्ती चालली आहे, तेव्हा पोटात दूध गेलं पाहिजे, असा हिशोब मी केला. बाटली भरली, तुंगाचं डोकं काखेत धरलं, तोंड आभाळाकडे केलं आणि ओतू लागलो.

ती ठसकली. नाकातून दूध आलं. चारी पाय ताठ झाले.

"अहो, सोडा तिला," कमल म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी सोडलं, तेवढ्यात डॉक्टर परसात आले. त्यांनी तुंगाच्या छातीला नळी लावली. ते ऐकत होते तोवर आम्ही दोघांनी श्वास घेतला नाही. छाती साफ होती. मग ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात, त्यामुळे जास्तच लागेल असं, म्हणाले, "हगवणीतून वासरू वाचतं. असं मान वर करून ओतलेलं फुप्फुसात गेलं, तर वाचत नाही."

त्यांनी औषध दिलं आणि सगळं नीट समजावलं. दूध बंद करायचं नाही, पण थोडं थोडं, पुष्कळ वेळा द्यायचं. मधल्या वेळात उकळून कोमट केलेलं मीठ-साखरेचं पाणी. खाली कोरडं पोतं. आणि ओतायचं अजिबात नाही. भांड्यात बोटं बुडवून तिच्या तोंडात द्यायची, म्हणजे चोखत चोखत ती आपली आपण पिते. "स्वल्प, स्वल्प," असं ते चिमूट दाखवून दोनदा म्हणाले.

मग मी रजा टाकली आणि परसात बसलो. पहिल्यांदा तुंगाने बोटं तोंडात घेतलीच नाहीत. मी पुन्हा भिजवली, पुन्हा दिली. खूप वेळाने तिची खरबरीत जीभ बोटांभोवती वळली आणि तिने ओढून चोखलं. कमल पदराने डोळे पुसत होती. मीही पुसले असते, पण हात गुंतला होता.

हळूहळू हगवण आटली, तुंगा उभी राहिली आणि मी दिसलो की हंबरू लागली.

अक्का परतली ती थेट परसात. "सरी, ठीक, धडधाकट दिसते की," म्हणत तिने तुंगाला सोडलं. तुंगा सुसाट निघाली, आईला ओलांडून माझ्याकडे आली आणि माझ्या पोटात तिने अशी ढुशी मारली की मी शेणाच्या पाटीत बसलो.

"कास घट्ट असली की वासरं अशीच ढुशी देतात," अक्का कमलला म्हणाली. "दूध उतरावं म्हणून."

मी उठायला लागलो. तुंगाने आणखी एक दिली. तिने अजून आशा सोडली नव्हती.